मिश्र रक्ताचें राष्ट्रीयत्व

मनुष्याची योग्यता त्याच्या रक्तावरून ठरवूं नये, हें तत्त्व सुशिक्षित समाजांत निदान तोंडानें तरी सर्वमान्य झालेलें आहे. वंशशुद्धीचा उघड पुरस्कार करणाऱ्यास १९४५ नंतरच्या जगांत विद्वानांच्या सभेंत मानाचें पान मिळणें कठीण. परंतु एक खोटा देव देव्हाऱ्यांतून काढला म्हणजे देव्हारा रिकामा राहतोच असें नाहीं. वंशशुद्धीच्या जागीं आज वंशमिश्रणाची स्थापना होऊं पाहत आहे, आणि ‘शुद्ध रक्त तें श्रेष्ठ’ या जुन्या मंत्राऐवजीं ‘मिश्र रक्त तें श्रेष्ठ’ हा नवा मंत्र तितक्याच भाविकपणानें जपला जात आहे. या नव्या पंथाचें क्षेत्र म्हणजे मेक्सिको. त्या देशांत स्पॅनिश जेते व मूळचे इंडियन रहिवासी यांचें रक्त एकजीव होऊन ‘मेस्तिसो’ म्हणजे मिश्र असें नवें राष्ट्र जन्मास आलें. सर्वच मिश्र झाल्यामुळें तेथें उच्चनीचभाव उरला नाहीं. शेजारच्या संयुक्त संस्थानांनीं हा धडा घ्यावा आणि जमल्यास आम्हां भारतीयांनींहि घ्यावा, असा उपदेश आमच्याकडील कित्येक विद्वान् मंडळी अगदीं सद्भावनेनें करीत असतात.

सद्भावनेचा मान राखूनहि हें मत आम्हांस सर्वस्वीं त्याज्य वाटतें. रक्ताच्या मिश्रणास आमचा विरोध नाहीं. मनुष्यजात मुळांतच मिश्र आहे, आणि दोन माणसांनीं एकमेकांशीं विवाह करावा कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार त्या दोघांखेरीज कोणासहि नाहीं. आमचा विरोध आहे तो रक्तास राष्ट्रीयत्वाची सनद करण्यास. मग तें रक्त शुद्ध म्हणून मिरवो, कीं मिश्र म्हणून. मेक्सिकोचा इतिहास नीट वाचला तर तो आमच्या विद्वानांची बाजू मांडीत नाहीं, आमची मांडतो.

प्रथम या मिश्रणाचें मूळ पाहूं. १५१९ मध्यें एर्नान कोर्तेस ताबास्कोच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हां तेथील पराभूत लोकांनीं त्यास वीस दासी नजर केल्या. त्यांपैकीं एक मालिन्त्सिन. ती त्याची दुभाषी झाली आणि पुढें त्याच्या मुलाची, मार्तीनची, आई झाली. या मुलास ‘पहिला मेस्तिसो’ म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः १५११ च्या सुमारास जहाज फुटून युकातानांत राहिलेल्या गोन्सालो गेरेरो या खलाशाचीं मुलें त्याच्याहि आधींचीं. पण राष्ट्राच्या पुराणास जेत्याचा मुलगा हवा असतो, खलाशाचा नको असतो! मेक्सिको नगरांतील त्लातेलोल्को येथें एक शिलालेख आहे. १३ ऑगस्ट १५२१ रोजीं तेथें जें घडलें तो कोणाचा जय नव्हे कीं पराजय नव्हे, तो आजच्या मेस्तिसो लोकांचा वेदनामय जन्म होय, अशा आशयाचें त्यावर कोरलें आहे. वाचावयास हें उदात्त वाटतें. परंतु ज्यांचें नगर जळालें, त्यांच्या वंशजांना ‘तुमचा पराजय झालाच नाहीं’ असें सांगण्याचा अधिकार शिलालेख लिहिणाऱ्यास कोणीं दिला? आणि नजर केलेली दासी हिच्या संमतीचा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. उलट परकीयांस भुलणाऱ्यास ‘मालिंचिस्ता’ ही शिवी मात्र तिच्याच नांवावरून पडली आहे. मिश्रण झालें म्हणजे समता झाली, हें समीकरण येथेंच, पहिल्या पायरीवरच, कोसळतें.

पुढील तीन शतकांचा अनुभव तर याहून बोलका आहे. रक्त मिसळत गेलें, आणि त्याबरोबर उच्चनीचतेच्या पायऱ्या कमी न होतां वाढत गेल्या. स्पॅनिश पुरुष व इंडियन स्त्री यांची संतति मेस्तिसो, मेस्तिसो व स्पॅनिश यांची कास्तिसो, स्पॅनिश व आफ्रिकन यांची मुलातो, असा हा कोष्टकांचा कारभार. अठराव्या शतकांत या कोष्टकांचीं चित्रें काढण्याची टूम निघाली. बहुधा सोळा चित्रांचा संच असे. मिगेल काब्रेरा या प्रसिद्ध चित्रकाराचा संच १७६३ चा आहे. कांहीं जातींचीं नांवें तर ‘लांडगा’, ‘हवेंत लोंबकळणारा’, ‘तूं मला कळत नाहींस’ अशीं आहेत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांतील संकरजातींची यादी ज्यानें चाळली असेल, त्यास हा प्रकार परका वाटणार नाहीं. या वर्गांस तेथें ‘कास्ता’ म्हणत. आम्ही इंग्रजीतून घेऊन रोज वापरतों तो ‘कास्ट’ हा शब्द याच ‘कास्ता’चा भाऊ, तो पोर्तुगीजांनीं गोव्याच्या बाजूनें आमच्या जातींस लावला, आणि पुढें इंग्रजांनीं उचलला. जातिभेद आणि रक्तमिश्रण हीं एकमेकांचीं वैरी आहेत असें मानणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, मिश्रणाच्या पोटींच जातींचें सर्वांत सूक्ष्म गणित जन्मास येऊं शकतें. मेक्सिकोंत तें तसें आलें.

हें गणित मोडलें तें रक्तानें नव्हे, कायद्यानें. स्वातंत्र्ययुद्धांत इदाल्गोनें १८१० मध्यें गुलामगिरी रद्द केल्याचा पुकारा केला. १८२१ च्या इगुआला योजनेनें सर्व रहिवासी समान ठरविले. पुढच्याच वर्षीं माणसाची जात सरकारी व धर्मखात्याच्या नोंदवहींत लिहूं नये असा हुकूम निघाला. ज्याच्या अंगांत आफ्रिकन रक्त होतें तो व्हिसेन्ते गेरेरो १८२९ मध्यें राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्यानें त्याच वर्षीं गुलामगिरी नष्ट केली. संयुक्त संस्थानांत गुलामांचे बाजार भरत होते त्या काळची ही गोष्ट आहे. मेक्सिकोनें जगास अभिमानानें दाखवावें असें कांहीं असेल, तर तें हें.

आतां सीमेकडे वळूं. टेक्सासमध्यें येऊन वसलेल्या गोऱ्या मळेवाल्यांना गुलाम हवे होते. १८३६ मध्यें त्यांनीं फुटून निघण्यास जीं कारणें झालीं त्यांत हें एक प्रमुख होतें. १८४६ ते १८४८ च्या युद्धानंतर ग्वादालुपे इदाल्गो येथें तह झाला, आणि टेक्सास धरून मेक्सिकोचा निम्म्याहून अधिक प्रदेश उत्तरेच्या घशांत गेला. मोबदला दीड कोटी डॉलर. सबंध देशच कां गिळला नाहीं? जॉन कॅल्हून या दक्षिणेकडील पुढाऱ्यानें जानेवारी १८४८ मध्यें सेनेटांत त्याचें उत्तर उघड दिलें: आमचें राज्य गोऱ्यांचें आहे, आणि मेक्सिको घेतला तर इंडियन व मिश्र लोक पदरांत येतील. जेथें वस्ती विरळ तो उत्तरभाग घेतला, जेथें माणसें दाट तो दक्षिणभाग सोडला. आज नकाशावर जी रेषा दिसते तिच्या आंखणींत वंशाच्या तिरस्काराचा एवढा मोठा हात आहे.

या रेषेच्या उत्तरेस रक्ताचें माप लावूं लागल्यावर काय काय हास्यास्पद प्रसंग उद्भवले, तेंहि पाहण्यासारखें आहे. १७९० च्या कायद्यानें परकीयांपैकीं फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसास नागरिकत्व मिळे. तहान्वयें तर मेक्सिकनांस तें द्यावयाचें होतें. म्हणून ते कागदोपत्रीं गोरे ठरले. पण मानुएल दोमिंगेस या गृहस्थानें १८४९ मध्यें कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेवर सही केली असतांहि, आठ वर्षांनीं, अंगांत इंडियन रक्त आहे या कारणावरून, त्याला न्यायालयांत साक्ष देऊं दिली नाहीं. घटना लिहिण्यापुरता गोरा, शपथ घेण्यापुरता काळा! १८९७ मध्यें टेक्सासच्या न्यायाधीशानें रिकार्दो रोद्रिगेस यास नागरिकत्व दिलें, तेंहि तो मानववंशशास्त्राप्रमाणें गोरा खास नव्हे, परंतु तह आडवा येतो, अशा न्यायानें. १९२३ मध्यें भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थानें आपण उच्चवर्णीय आर्य आहों असा दावा सर्वोच्च न्यायालयांत मांडला, तेव्हां सामान्य माणूस ज्यास गोरा म्हणतो तोच गोरा, असें सांगून न्यायालयानें त्याला परत पाठविलें. आर्यत्वाची सनद घेऊन परक्याच्या दारीं उभें राहणाऱ्यांस याहून चांगली चपराक कोणती? त्याच काळांत कॅलिफोर्नियांतील शेंकडों पंजाबी शेतकऱ्यांनीं मेक्सिकन स्त्रियांशीं विवाह केले. विवाहबंदीचा कायदा असूनहि कारकुनाच्या डोळ्यांस दोघांचा वर्ण सारखा दिसला, म्हणून परवाना मिळाला. उलट आंद्रेआ पेरेस ही मेक्सिकन वंशाची स्त्री कागदावर गोरी. तिला कृष्णवर्णीय पुरुषाशीं विवाह करण्याचा परवाना नाकारण्यांत आला, आणि १९४८ मध्यें कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ न्यायालयानें तो कायदाच रद्द केला तेव्हां तिचा मार्ग मोकळा झाला.

उत्तरेच्या या अन्यायास मेक्सिकोंतील विचारवंतांनीं जें उत्तर दिलें, तेंच मेस्तिसोवादाचें शास्त्र होय. १९०९ मध्यें आंद्रेस मोलिना एन्रिकेस यानें मेस्तिसो हाच राष्ट्राचा खरा कणा असें प्रतिपादलें. १९१६ मध्यें मानुएल गामियोनें राष्ट्र घडविण्याची भाषा केली. आणि १९२५ मध्यें होसे वास्कोन्सेलोस यानें ‘ला रासा कोस्मिका’ म्हणजे विश्ववंश या ग्रंथांत सर्व वंशांच्या मिश्रणांतून श्रेष्ठतम वंश निर्माण होणार, अशी भविष्यवाणी केली. ज्यांना शतकभर ‘भेसळ’ म्हणून हिणविलें, त्यांना या लेखकांनीं ताठ मानेनें उभें राहावयास शिकविलें, हें त्यांचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. वास्कोन्सेलोस हा लहान माणूस नव्हता. शिक्षणमंत्री या नात्यानें त्यानें शाळा, ग्रंथालयें व भित्तिचित्रें यांचें मोठें कार्य केलें. आमच्या तत्त्वज्ञानावरहि त्यानें १९२० मध्यें एक ग्रंथ लिहिला. परंतु त्याच्या विश्ववंशाचें अंतरंग उघडून पाहिलें, तर तेथें रुचीच्या बळावर ‘खालच्या’ वंशांनीं हळूहळू आपण होऊन नाहींसें व्हावें अशी योजना आढळते. म्हणजे पायऱ्या कायम; फक्त खालच्या पायरीवरच्यानें विरून जाऊन वर यावयाचें. हाच लेखक १९४० मध्यें जर्मनीच्या नाझी पक्षाची तरफदारी करणारें नियतकालिक चालवीत होता, हें त्याच्या चाहत्यांस अनाकलनीय वाटतें. आम्हांस त्यांत आश्चर्य वाटत नाहीं. रक्तांत राष्ट्राचें भवितव्य शोधणाऱ्यास शुद्ध रक्ताच्या वाड्यापासून मिश्र रक्ताच्या वाड्यापर्यंत जाण्यास एक गल्लीच ओलांडावी लागते, आणि परत येण्यासहि तीच.

या शास्त्राची परीक्षा त्याच्या फळांवरून करूं. पहिलें फळ इंडियनांच्या वांट्यास आलें. त्यांचे पूर्वज पूज्य ठरले, त्यांचे पिरॅमिड राष्ट्राचें वैभव ठरले. पण जिवंत इंडियनानें मात्र आपली भाषा व वेष टाकून मेस्तिसो व्हावें, अशी अपेक्षा राहिली. १९२१ च्या शिरगणतींत वंश विचारला गेला, तेव्हां शेंकडा ५९ लोक मिश्र व २९ इंडियन नोंदले गेले. १९३० पासून तो प्रश्नच गाळला आणि भाषेवरून इंडियन ओळखूं लागले. ज्यानें स्पॅनिश धरली तो मिश्र. २०२० मध्यें इंडियन भाषा बोलणारे सुमारें ७३ लाख, म्हणजे शेंकडा ६ उरले होते. वंश नाहींसा झाला म्हणून वर्णाचें महत्त्व गेलें काय? सरकारच्या सांख्यिकी संस्थेनें २०१७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, त्वचा जितकी उजळ तितकें शिक्षण अधिक व हुद्दा वरचा, असेंच आढळून आलें. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा!

दुसरें फळ आफ्रिकन वंशजांचें. पारतंत्र्याच्या काळांत सुमारें दोन लाख आफ्रिकन त्या देशांत गुलाम म्हणून आणले गेले. पण दोनच रक्तांच्या या कथेंत तिसऱ्यास जागा नव्हती. राज्यघटनेंत त्यांचें नांव येण्यास २०१९ साल उजाडावें लागलें, आणि २०२० च्या शिरगणतींत प्रथमच त्यांची पूर्ण मोजदाद होऊन ते पंचवीस लाखांहून अधिक भरले. गेरेरोच्या नांवानें जो प्रांत ओळखला जातो त्याच प्रांताच्या किनाऱ्यावरील कृष्णवर्णीय मेक्सिकनांना आपल्याच देशांत परदेशी समजून अधिकारी अडवितात, अशी तक्रार त्यांना वारंवार करावी लागली आहे.

तिसरें फळ सर्वांत कडू आहे. मिश्रण हाच जर राष्ट्रधर्म, तर चिनी पुरुष व मेक्सिकन स्त्री यांची संतति मेक्सिकोस प्रिय व्हावयास हवी होती. प्रत्यक्षांत १९११ मध्यें तोर्रेओन शहरांत तीनशेंच्या आसपास चिनी लोकांची कत्तल झाली. सोनोरा प्रांतानें १९२३ मध्यें अशा विवाहांस बंदी केली आणि १९३१ च्या सुमारास चिनी कुटुंबांस हांकून दिलें. परकीयाशीं विवाह केल्यानें त्या काळच्या कायद्याप्रमाणें स्त्रीचें राष्ट्रीयत्व नष्ट होई. म्हणून मेक्सिकोंत जन्मलेल्या त्या माउल्या पोरांबाळांसह चीनला गेल्या. पुढें लाझारो कार्देनास याच्या सरकारनें १९३७–३८ मध्यें त्यांपैकीं कित्येक स्त्रियांस व मुलांस परत आणलें. पण नवऱ्यांस नव्हे. मिश्रणाचा महिमा गाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत हें मिश्रण तुडविलें गेलें, कारण तें पोथींत सांगितलेलें मिश्रण नव्हतें. आणि आम्हांवर तरी काय प्रसंग होता? १९३३ व १९३४ मध्यें त्या सरकारनें गुप्त परिपत्रकें काढून ज्या वंशांच्या लोकांस प्रवेश नाकारला, त्यांत भारतीयहि होते. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे हे १९२४ पासून चापिंगोच्या कृषिविद्यालयांत मक्याच्या व गव्हाच्या सुधारणेचें कार्य करीत होते, आणि दिएगो रिव्हेरानें शिक्षणखात्याच्या भिंतीवर त्यांचें चित्र रेखाटलें होतें. भिंतीवर भारतीयाचें चित्र आणि बंदरावर भारतीयास मज्जाव, अशी ही विश्ववंशाची उदारता!

असो. या मताचा सीमेवरील व्यवहारावर काय परिणाम झाला, तो तर विशेष विचारणीय आहे. संयुक्त संस्थानांच्या १९३० च्या शिरगणतींत ‘मेक्सिकन’ हा निराळा वंश म्हणून नोंदला गेला. त्यावर मेक्सिकोच्या सरकारनें व तिकडील मेक्सिकनांनीं जोराचा निषेध केला. परिणामीं पुढच्या शिरगणतींत ते पुनः गोऱ्यांत धरले गेले. घरीं मिश्रत्वाचा जयघोष, आणि शेजाऱ्याच्या वहींत मात्र ‘आम्हांस गोरे लिहा’! याच दशकांत मंदी आली म्हणून लाखों मेक्सिकनांस उत्तरेंतून घालवून देण्यांत आलें, आणि त्यांत तेथेंच जन्मलेले नागरिकहि फार मोठ्या संख्येनें होते. वंशाच्या नांवानें चाललेल्या या अन्यायास ठणकावून विरोध करण्याची नैतिक ताकद, स्वतः सोनोरांतून माणसें हांकणाऱ्या राज्यापाशीं कशी असावी? उलट जेव्हां त्यानें रक्ताची भाषा सोडून माणसाच्या हक्काची भाषा धरली, तेव्हां त्याचा शब्द चालला. १९४२ मध्यें शेतमजुरांचा करार झाला त्या वेळीं, टेक्सासांत आमच्या माणसांस उपाहारगृहांत व शाळांत अपमान सोसावा लागतो म्हणून तेथें मजूर पाठविणार नाहीं, असें मेक्सिकोनें सांगितलें, आणि कांहीं वर्षें तें पाळलें. टेक्सासला याची झळ लागली. तसेंच १९९८ पासून अमलांत आलेल्या घटनादुरुस्तीनें, दुसऱ्या देशाचें नागरिकत्व घेतलें तरी जन्मानें मेक्सिकन असलेल्याचें राष्ट्रीयत्व जात नाहीं असें ठरलें. सीमेपलीकडील कोट्यवधि लोकांस हा कायदा जितका उपयोगी पडला, तितका कोणताहि विश्ववंश पडला नाहीं.

येथें कोणी म्हणेल: ‘रक्ताचें बंधन काढलें तर राष्ट्रास एकत्र बांधणार कोण? आणि आफ्रिकन, इंडियन असे वर्ग पुनः मोजूं लागलां, तर जुनें कास्तांचें कोष्टकच परत येणार नाहीं काय?’ दोन्ही आक्षेप विचारार्ह आहेत. दुसऱ्याचें उत्तर असें कीं, पायरी ठरविण्यासाठीं माणसें मोजणें वेगळें आणि ज्यांस पायरीखालीं ठेवलें त्यांची दाद घेण्यासाठीं मोजणें वेगळें. मोजदाद बंद केल्यानें अन्याय बंद होत नाहीं, तो फक्त वहींतून गाळला जातो. पहिल्याचें उत्तर मेक्सिकोनें स्वतःच दिलें आहे. १८२१ मध्यें जेव्हां त्यानें सर्व रहिवाशांस समान मानलें, तेव्हां मेस्तिसोवाद जन्मासहि आला नव्हता, तरी राष्ट्र होतें. सापोतेक मातापित्यांचा मुलगा बेनितो हुआरेस त्या राष्ट्राचा सर्वांत मानलेला अध्यक्ष झाला. २०२४ मध्यें निवडून आलेल्या क्लाउदिया शेइनबाउम यांचे आजीआजोबा लिथुआनिया व बल्गेरिया येथून आलेले ज्यू. निवडणुकीपूर्वीं त्यांच्या मेक्सिकनपणाविषयीं शंका काढणारे निघाले, तेव्हां त्यांना २०२३ मध्यें आपला जन्मदाखला प्रसिद्ध करावा लागला. शंका काढणाऱ्यांच्या हातीं रक्ताचें माप होतें, आणि दाखला कायद्याचा होता. मतदारांनीं दाखला मानला.

उत्तरेसहि आज वाद याच दोन मापांत आहे. त्या भूमीवर जन्मलेला तो नागरिक, हें तत्त्व तेथील सर्वोच्च न्यायालयानें १८९८ मध्यें एका चिनी दांपत्याच्या मुलाच्या खटल्यांत मान्य केलें. त्यालाच कात्री लावणारा आदेश २० जानेवारी २०२५ रोजीं निघाला, आणि लगोलग न्यायालयांत त्याला आव्हान दिलें गेलें. या वादांत मेक्सिकन मातेच्या पोटीं तेथें जन्मलेल्या मुलाचा पक्ष घ्यावयाचा, तर ‘त्याचें मिश्र रक्त श्रेष्ठ आहे’ हें वाक्य कवडीच्या उपयोगाचें नाहीं. ‘तें या भूमीवर जन्मलें आहे’ एवढेंच वाक्य त्यास तारूं शकेल.

म्हणून मेक्सिकोचा दाखला देऊन मिश्रणाचें माहात्म्य सांगणाऱ्या मित्रांस आमची विनंती एवढीच कीं, त्यांनीं त्या देशाकडून वास्कोन्सेलोसचें भविष्य घेऊं नये. गेरेरोचा हुकूम घ्यावा. जातिभेद मोडण्यासाठीं विवाह झाले तर आम्हांस आनंदच आहे. परंतु पुढच्या पिढीच्या रक्तावर समतेचा भार टाकून आजच्या पिढीनें हात झाडूं नयेत. ज्या माणसाचें रक्त कधींहि कोणाशीं मिसळणार नाहीं, त्यासहि समान मान मिळाला पाहिजे, आणि तो आज मिळाला पाहिजे.